नाल्यावरचा मिस्त्री

हातात आलेली वस्तू ते आधी उलटी धरत. कुदळ असो, कंदील असो, नाहीतर पंगतीत वाढायची पळी असो. मग टोपी मागे सारून तिच्याकडे बराच वेळ बघत आणि जवळपास जो कोणी असेल त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "काई जमून नाई राह्यलं बुवा मले."

तुमच्याही गावात असा एखादा असेलच. आपण त्याला "सरका बाजूला" म्हणतो, हातातलं काम हिसकावून घेतो आणि चार लोकांत त्याची गंमत सांगतो. मीही तेच केलं. माझी गंमत झाली ती पुढे.

गाव त्यांना 'मिस्त्री' म्हणे, अर्थात थट्टेनं. वय साठीच्या आसपास, अंगानं सडसडीत, मिशा पांढऱ्या. हिंगणघाटला एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांचा जन्म गेला होता. तिथे काय करत होता म्हणून विचारलं तर सांगत, "गाठी उचले. आनखीन काय?" बायको वारल्यावर ते धाकट्या बहिणीकडे राहायला आले. बहीण विधवा, गावची सुईण. तिला लहानथोर सगळे आत्या म्हणत.

मी त्या गावात ग्रामसेवक म्हणून गेलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. शोषखड्डा कसा खणावा, खत कसं कुजवावं, लोकांना कसं जागं करावं. वर्ध्याजवळ प्रशिक्षण झालेलं, पिशवीत रंगीत तक्त्यांची गुंडाळी आणि अंगात धुतलेला सदरा. समुद्रपूरहून हिंगणघाटकडे येताना लागणारं ते गाव एका नाल्याच्या दोन काठांवर वसलं होतं. अलीकडे गाव, शाळा, बाजाराचा रस्ता. पलीकडे वस्ती. मी आल्याचं लोकांना फारसं काही वाटलं नाही. ते माझ्याशी अदबीनं बोलत, चहा पाजत आणि मी सांगितलेलं काहीही करत नसत.

एकदा बिनधुराच्या चुलीचा तक्ता चावडीच्या भिंतीवर लावायचा होता. मिस्त्री समोरच बसले होते. मी हातोडी आणि खिळे त्यांच्याकडे दिले नि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर भिंतीपाशी दहाबारा बाया उभ्या आणि हशा चाललेला. तक्ता उलटा! चूल वर, धुराडं खाली, आणि स्वयंपाक करणारी बाई डोक्यावर उभी.

"अवो मिस्त्री, हे बाई पडन ना चुलीत!" एक जण म्हणाली.

"अन् हे नळी कायची वं?" दुसरीनं विचारलं.

"धूर जाते त्यातून. पन इतली आखूड असन तं सारा धूर छपरातच राहीन," तिसरी म्हणाली.

माझा संताप झाला. सगळ्यांदेखत मी तक्ता उपटला, सुलटा लावला आणि मिस्त्रींना म्हणालो, "एवढंही जमत नाही?" ते ओशाळं हसले. "नाईच जमत, साहेब." त्या आठवड्यात गावात पहिल्या तीन चुली झाल्या. त्या माझ्या तक्त्यामुळे झाल्या असं मी अहवालात लिहिलं. खोटं नव्हतं ते. तक्ता माझाच होता.

आता नाल्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापाशीच आहे.

उन्हाळ्यात त्या नाल्यात शेळीचे पाय भिजत नसत आणि श्रावणात बैल वाहून जाई. मी येण्याआधीच्या श्रावणात वस्तीतल्या गणपतच्या सुनेला कळा लागल्या. गणपत गोटे, म्हणजे दगड, फोडणारा, हाताचा कसबी माणूस. आत्या आपलं गाठोडं घेऊन अलीकडच्या काठावर पोचली, पण पाणी छातीच्या वर होतं. सकाळपासून दुपारपर्यंत ती काठावर उभी राहून ओरडून सांगत होती, असं कर, तसं कर. पाण्याच्या आवाजात पलीकडे कोणाला काही ऐकू गेलं नाही. बाई वाचली, मूल राहिलं नाही.

हे आत्यानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं आणि वर म्हणाली, "थे आता पुन्हा पोटुशी हाये, साहेब. श्रावनातच भरते. तुमी सरकारचे मानूस. रपटा बांधा."

रपटा म्हणजे गोट्यांचा ठेंगणा पूल. मी धावपळ केली. सिमेंट आणि खालून पाणी जायला मोठे नळ सरकार देणार, गोटे आणि मेहनत गावानं द्यायची, असं ठरलं. मी चावडीवर सभा घेतली आणि श्रमदानावर पाऊण तास बोललो. बोलणं मला स्वतःला फार आवडलं.

शामराव पाटील मांडीवर थाप मारून उठले. "रपटा पाह्यजे त्याईले, अन् घाम गाळू आमी? काऊन? माह्या बैलाले पोहता येते."

दाराशी उभा असलेला गणपत शांतपणे बोलला. आदल्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता आणि तेव्हापासून चावडीत मान खाली घालत नसे. "साहेब, आमच्या आज्यानं अन् बापानं या गावाची फुकट कामं लय केली. तवा त्याले वेठ म्हनत. तुमी श्रमदान म्हनून राह्यले. नाव बदललं, पाठ आमचीच. मी नाई येनार."

सुनेचे दिवस भरत होते आणि गणपतसुद्धा नाही म्हणत होता, यावरून ती वेठ किती खोल गेली असेल ते ओळखा. सभा संपली. कोपऱ्यात मिस्त्री घोंगडीची घडी उलटसुलट करत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच नाल्यात उतरले आणि ऐन वळणावर, जिथे पुराचा लोंढा येऊन धडकतो तिथे, खणायला लागले. सब्बल, म्हणजे आपली पहार, धारेकडून हातात धरलेली आणि बोथट टोकानं जमीन टोचणं चाललेलं. शेताकडे निघालेले लोक थांबून हसले. दुसऱ्या दिवशी थांबून सल्ला दिला. मिस्त्री प्रत्येकाचं ऐकत, "अस्सं होय?" म्हणत आणि पुन्हा चुकीचंच करत.

तिसऱ्या दिवशी पाटलांची बैलबंडी नाल्यात उतरली आणि थांबली. मी काठावरच होतो. पाटलांनी थोडा वेळ कळ काढली, पण चुकीचं काम बघत राहणं त्यांच्या कुंडलीत नव्हतं.

"अरे, वळनावर कोनी रपटा बांधते काय? पह्यल्या पुरात हिंगनघाटले जाईन तुहा रपटा!"

"मंग कोठी बांधू, पाटील?"

"खाली. तो बोरीचा काठ दिसते ना, तिथं. पात्र रुंद हाये, तळाले कातळ हाये."

"बोरीचा म्हंजे हा?" मिस्त्रींनी बाभळीकडे बोट दाखवलं.

"थो बाभूळ हाये! गिरडच्या बाबाची शप्पत, याले बोर अन् बाभूळ समजत नाई!" पाटील बंडीतून उतरले, सब्बल हिसकावली, बोरीपाशी गेले आणि चार ठिकाणी रेघा मारून आले. त्या रेघा त्यांच्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्या कोणी पुसल्या तर नाहीत हे बघायला येणं त्यांना भाग पडलं. येताना ते दोन गडी घेऊन आले.

गणपतचंही असंच झालं. मिस्त्री घण घेऊन गोट्यावर घाव घालत. गोटा फुटायचा तो नको तिथे, नाहीतर ठिणगी उडून मिस्त्रीच दचकायचे. पलीकडच्या काठावर गणपत दोन दिवस पाठ करून बसला. ठक आवाज आला की त्याचा खांदा उडे. शेवटी तो ताडताड उतरून आला.

"गोट्याले बी रेघ राह्यते, मिस्त्री. रेघेवर मारा लागते. आना इकडं!"

एका घावात गोटा सरळ दोन झाला. पाटलांचे गडी बघतच राहिले. मिस्त्री म्हणाले, "मले नाई दिसत बुवा रेघ. एक बार आनखीन दाखव." गणपतनं संध्याकाळपर्यंत दाखवली. मग वस्तीतले आणखी चौघे आले. आपला माणूस गावच्या गड्यांना शिकवतोय हे त्यांना जवळून बघायचं होतं. वेठीला गेलेल्या माणसाला कोणी कधी "मले शिकव" म्हणालेलं नव्हतं.

आता खरी मजा. पाटील आणि गणपत एकमेकांशी बोलत नसत. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर, आणि निरोप मिस्त्रींच्या मार्फत.

"मिस्त्री, त्याले सांग, गोटा डावीकडं घे म्हना."

"गणपत, पाटील म्हनतात उजवीकडं घे."

"डावीकडं म्हनलं म्या!"

"मिस्त्री, त्याईले सांगा, मले ऐकू आलं."

मिस्त्री प्रत्येक निरोपाचा असा विचका करत की दोघांच्या डोक्याला ताप होई. एकदा चौघांनी मिळून भला मोठा गोटा उचलला होता, आणि नेमके त्याच वेळी मिस्त्री "आलोच" म्हणून पाणी प्यायला गेले ते येईनात. गोटा हातात, घाम डोळ्यांत. पाटील ओरडले, "अरे गणपत, सोड ना लेका खाली!" गणपत ओरडला, "तुमचा पाय काढा न, पाटील!" गोटा बसला. नंतर निरोप बंद पडले आणि भांडणं थेट सुरू झाली. काम भराभर होऊ लागलं.

मी मात्र मिस्त्रींवर चिडून होतो. माणूस मनाचा चांगला, रोज येतो, पण कामाची नासाडी किती करतो! त्यांना काम सोडून घरी बसायला सांगावं असं मी ठरवलंही होतं.

एका भर दुपारी सगळे भाकर खायला गेले असताना मी फीत घेऊन मापं घ्यायला नाल्यावर गेलो. मिस्त्री एकटेच होते. नळाच्या तोंडावरचा मोठा गोटा सकाळी कोणालाच नीट बसवता आला नव्हता, तो तिरपाच होता. मिस्त्रींनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. लहान हातोडीनं तीन हलके ठोके मारले. सब्बलचं टोक एका फटीत घालून नुसतं मनगट वळवलं. गोटा असा बसला की फटीत नख जाईना. त्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

मग इकडेतिकडे बघितलं, सुस्कारा टाकला, सब्बल घातली आणि गोटा पुन्हा तिरपा करून ठेवला.

"मिस्त्री!" मी ओरडलोच.

ते दचकले. हातोडी पटकन उलटी धरली, मग माझ्याकडे बघून सुलटी केली. "पाह्यलं तुमी?"

"पाहिलं."

"मंग इसरून जा, साहेब. हा गोटा गणपत बसवन. सकाळपासून थो मनात त्यालेच फिरवून राह्यला असन."

मी सोडायला तयार नव्हतो. तेव्हा त्यांनी सांगितलं. ते गाठी उचलणारे नव्हते, जिनातले फिटर होते. चालत्या यंत्राचा आवाज ऐकून दुखणं सांगणारे. "पन म्या कोनाले हात लावू नाई देल्ला, साहेब. कोनी पाना उचलला का म्हनाव, सरक, तुले नाई जमत. सारे म्हनत, मिस्त्री हाये म्हून जीन चालते. लय गोड वाटे. मंग बायको बिमार पडली. मी घरी बसलो, तं चवथ्या दिवशी इंजन बंद. ऐन मोसमात. कापसाच्या बंड्याईची रांग लागली. मले न्याले मानूस आला. बायको म्हने, जाऊ नका. म्या म्हनलं, माह्यावाचून अडलं हाये, हा गेलो अन् हा आलो. इंजन चालू केलं. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. घरी आलो तवा बायको गेलती."

नाल्यात ऊन तापलं होतं.

"तवा समजलं," ते म्हणाले, "मी लोकाईचं काम करत नव्हतो, अडवून बसलो होतो. आता माह्यावाचून अडन असं काई करनार नाई. मी उद्या नसलो तं आत्याले पलीकडं जाता आलं पाह्यजे." मग एकदम मिस्कील हसले. "अन् खरं सांगू काय? हुशार मानसाच्या मदतीले कोनी येत नाई. बुद्दूले सारे शिकवतात."

मी तेव्हा ग्रामसेवकाचं प्रशिक्षण पुरं केलेला माणूस होतो. खरं प्रशिक्षण त्या दुपारी मिळालं, तेही फीत हातात धरून उभ्या उभ्या.

गणपतनं दुपारी गोटा बसवला आणि "पाहा, असा बसवा लागते" म्हणून मिस्त्रींना सुनावलं. मिस्त्री म्हणाले, "वा रे वा."

रपटा मृगाच्या आत पुरा झाला. तालुक्याचे मोठे साहेब जीपमधून येणार होते. आदल्या दिवशी आत्यानं मला दारात अडवलं. तिला सगळं ठाऊक होतं, भावाच्या शपथेनं तोंड बांधलेलं होतं. "दादाच्या हाताले सोनं होतं, साहेब. अन् हे गाव त्याले बुद्दू म्हनते. पोट्टे चिडवतात. मले घास उतरत नाई. तुमी तरी सांगा साहेबाईले, कोनं केलं हे सारं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिला वचन दिलं. कागदावर चार वाक्यं लिहून खिशात ठेवली.

समारंभात साहेबांनी नारळ कौतुकानं सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या, म्हणजे मिस्त्रींच्याच हातात दिला. मिस्त्रींनी तो शेंडीकडून धरून गोट्यावर आपटला. नारळ फुटला नाही, निसटला आणि गडगडत गणपतच्या पायाशी जाऊन थांबला. हशा झाला. गणपतनं तो उचलला आणि पाटलांपुढे धरला. "आमी आता नारळ नाई फोडत, पाटील. तुमी फोडा. खोबरं खातो." ज्या हातचं पाणी पाटलांच्या घरात चालत नव्हतं त्या हातातून पाटलांनी नारळ घेतला आणि एका फटक्यात फोडला. नारळ नेमका गणपतच्याच पायाशी कसा गेला, याचा मी अजून विचार करतो.

"हा रपटा कोणी बांधला?" साहेबांनी विचारलं.

"आमी!" पाटील आणि गणपत एकदमच बोलले.

"आणि हे गृहस्थ?"

"थो आमचा मिस्त्री," पाटील हसत म्हणाले. "काई येत नाई त्याले. पन रोज येत होता बिचारा."

सगळे पुन्हा हसले. आत्या माझ्याकडे बघत होती. माझा हात खिशातल्या कागदावर होता. मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. आता बोललो तर सहा आठवडे ज्यांनी रपटा बांधला त्या सगळ्यांना कळेल की आपल्याला बनवलं गेलं. मग रपटा मिस्त्रीचा होईल आणि पहिला गोटा निखळला की गाव म्हणेल, बोलवा मिस्त्रीला. मी कागद काढला नाही. आत्या महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

श्रावणात नाला भरून वाहत असताना पलीकडून सांगावा आला. आत्या गाठोडं घेऊन रपट्यावरून चालत गेली, लुगड्याची किनारही भिजली नाही. मिस्त्री आणि मी रपट्याच्या मधोमध जाऊन उभे राहिलो. दुपार कलताना वस्तीतून बारीक, चिडका, खणखणीत आवाज आला. मुलगी झाली होती. मिस्त्रींच्या हातात छत्री होती. ती त्यांनी उलटी धरली होती, तीत पाणी साचत होतं आणि ते चिंब भिजत होते. या वेळी नाटक नव्हतं. त्यांना भानच नव्हतं.

पुढे माझी आर्वीकडे बदली झाली. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर शाळेच्या गुरुजींच्या अक्षरात आत्याचं कार्ड आलं: दादा मृगात गेले, येऊन जावे.

मी गेलो. आत्यानं फडताळातून तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काही काढलं. पाने, छिन्न्या, एक चिमुकली हातोडी. इतकी वर्षं न वापरता लखलखीत. त्यातला एक पाना तिनं माझ्या पिशवीत घातला. मग आम्ही नाल्यावर गेलो. त्या पावसाळ्यात, मिस्त्री गेल्यानंतर, पुरानं रपट्याची एक कड नेली होती. मला त्याची बातमी नव्हती, कारण कोणी कचेरीला कळवलंच नव्हतं. पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या सकाळी गणपत घण घेऊन आला, पाटील सब्बल घेऊन आले आणि भांडत भांडत कड बांधून झाली.

दोघंही तिथेच बसलेले होते. गणपतची नात पाटलांच्या काठीशी खेळत होती. बोलणं मिस्त्रींवर आलं.

"लय चांगला मानूस," पाटील म्हणाले. "पन हाताले अक्कल म्हंजे नाई. सारं आमालेच करा लागे."

"शेवटपर्यंत घन धरता नाई आला त्याले," गणपत म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "किती शिकवलं म्या. नाई का, साहेब? तुमी तं पाह्यलं हाये."

पिशवीतला पाना माझ्या मांडीला लागत होता. "हो," मी म्हणालो, "काही म्हणजे काही जमत नव्हतं त्यांना."

पाटील आत्याकडे वळले. "सांग न वं आत्या. जमे काय त्याले काई?"

आत्या नळाच्या तोंडावरच्या गोट्यापाशी टेकली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघांकडे, मग रपट्यावर बसलेल्या पोरीकडे.

"काईच नाई जमे," ती म्हणाली, "माह्या दादाले." आणि पदरानं गोट्यावरची माती पुसू लागली.